इसहाकाच्या पाठीवरची लाकडे : पूर्वछाया कुठे खरी, कुठे ओढूनताणून

उत्पत्तीच्या २२व्या अध्यायात सहाव्या वचनाशी जरा थांबा. अब्राहाम होमार्पणाची लाकडे घेतो आणि आपल्या मुलावर लादतो. विस्तव आणि सुरी मात्र स्वतःच्या हातात ठेवतो. ज्याला जाळायचे त्याच्याच पाठीवर सरण. ख्रिस्ती वाचकाला इथे योहानाच्या १९व्या अध्यायातले १७वे वचन आठवतेच: येशू आपला वधस्तंभ आपणच वाहत निघाला. हे साम्य ख्रिस्ती लोकांनाच दिसले असेही नाही. ‘बेरेशीत रब्बा’ हे उत्पत्तीवरचे ज्यू रब्बींचे प्राचीन भाष्य आहे. त्यात याच वचनावर टिपणी आहे की इसहाक निघाला तो जणू आपला वधस्तंभ खांद्यावर घेऊन निघालेला माणूस. रोमी अमलाखाली राहणाऱ्यांना असा माणूस कसा दिसतो हे सांगावे लागत नव्हते.

जुन्या करारातली एखादी व्यक्ती, घटना किंवा वस्तू पुढे ख्रिस्ताविषयी मानल्या गेलेल्या गोष्टीची चाहूल देते, तिला आपण पूर्वछाया म्हणतो. प्रवचनांत हा शब्द सर्रास वापरला जातो आणि म्हणूनच तो सैल झाला आहे. लाल रंग दिसला की रक्त, लाकूड दिसले की वधस्तंभ, पाणी दिसले की बाप्तिस्मा. अशा वाचनाने ऐकणारा क्षणभर खूश होतो, पण शास्त्रलेख वाचायला शिकत नाही. पूर्वछाया हा अभ्यासाचा विषय आहे आणि त्याला कसोट्या आहेत. मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही: जोड मजकुरात दिसली पाहिजे, शब्दांत, क्रमात किंवा मापात. आणि फरक लपवता कामा नये, कारण नव्या कराराचे लेखक बहुतेक वेळा फरकावरच बोट ठेवतात.

आधी शब्दाचे पाहू. रोमकरांस ५:१४ मध्ये प्रेषित पौल आदामाला येणाऱ्याचा, म्हणजे ख्रिस्ताचा, ‘तुपोस’ म्हणतो. मराठीत तिथे ‘प्रतिरूप’ आहे. तुपोस म्हणजे मुळात ठोक्याने उमटलेली खूण. शिष्य थोमा म्हणतो, येशूच्या हातांतले खिळ्यांचे वण पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही; तिथे ‘वण’ या जागीही ग्रीकमध्ये तुपोसच आहे. गंमत अशी की शिक्का आणि मेणावरचा उमटा या दोन्हींना हा शब्द चालतो, त्यामुळे कोण मूळ आणि कोण नक्कल याचा घोळ होतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:२१) नोहाचे पाणी आधीचे आणि बाप्तिस्मा हा त्याचा ‘अन्तितुपोस’, म्हणजे जोडीचा दुसरा भाग. इब्री लोकांस पत्रात (९:२४) मात्र पृथ्वीवरचे पवित्रस्थान हाच अन्तितुपोस आणि खरे ते स्वर्गात. एकच शब्द, दोन उलट दिशा. तेव्हा शब्दाच्या भरवशावर न राहता प्रत्येक ठिकाणी विचारायचे की या लेखकाच्या लेखी मूळ वस्तू कोणती. कलस्सैकरांस पत्रातली (२:१७) उपमा इथे उपयोगी पडते: सण आणि शब्बाथ ही छाया, शरीर ख्रिस्ताचे. सावली आधी दिसते, माणूस मागून वळणावर येतो. तरी सावली माणसाची असते, माणूस सावलीचा नसतो.

भविष्यवाणी आणि पूर्वछाया यांतही गल्लत नको. भविष्यवाणी शब्दांत सांगितलेली असते. पूर्वछायेतला माणूस स्वतःचे आयुष्य जगत असतो. आपण कुणाची तरी सावली आहोत हे त्याला ठाऊक नसते. रूपकार्थ ही तिसरी गोष्ट: तिथे घटना घडली की नाही याला फारसे महत्त्व नसते, प्रत्येक तपशील एखाद्या कल्पनेसाठी खुंटी म्हणून वापरला जातो. या तिघांतली भिंत पक्की नाही हेही मान्य केले पाहिजे. पौलाने स्वतः गलतीकरांस ४:२४ मध्ये अब्राहामाची दासी हागार आणि पत्नी सारा यांची गोष्ट रूपकार्थाने घेतली आहे आणि तसे उघड म्हटले आहे.

आता पुन्हा इसहाकाकडे, कारण पद्धत शिकायला यापेक्षा चांगला उतारा नाही. पहिले काम, अध्याय त्याच्या स्वतःसाठी वाचा, ख्रिस्ताला मध्ये न आणता. बाप, मुलगा, तीन दिवसांचा प्रवास, ‘कोकरू कोठे आहे?’ हा प्रश्न, शेवटच्या क्षणी थांबवणारी हाक. दुसरे काम, सेप्टुआजिंट पाहणे. इब्री शास्त्राचा हा ग्रीक अनुवाद. त्यातली पहिली पाच पुस्तके इ. स. पू. तिसऱ्या शतकात झाली. नव्या कराराचे लेखक ग्रीकमध्ये लिहीत होते आणि जुना करार बहुतेक वेळा याच अनुवादातून उद्धृत करत होते. इब्रीत इसहाकाला तीनदा ‘याहीद’, म्हणजे एकुलता एक, म्हटले आहे: वचने २, १२ आणि १६. सेप्टुआजिंटने तिन्ही ठिकाणी ‘अगापेतोस’, म्हणजे प्रिय, असे केले. मग मार्क १:११ उघडा. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी होते, ‘तू माझा प्रिय पुत्र’. शब्द तोच, अगापेतोस. येशूचे रूप तेजस्वी झाले त्या रूपांतराच्या डोंगरावर (९:७) पुन्हा तोच, आणि द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मारल्या जाणाऱ्या मुलालाही (१२:६) तोच.

याहून पक्की गाठ रोमकरांस ८:३२ मध्ये आहे. देवाने ‘आपल्या पुत्राला राखून ठेवले नाही’. हे क्रियापद उत्पत्तीच्या ग्रीक पाठात १२व्या आणि १६व्या वचनांत अब्राहामाविषयी आले आहे: तू आपल्या प्रिय पुत्राला माझ्यापासून राखून ठेवले नाहीस. पौलाने इसहाकाचे नावही घेतलेले नाही, पण शब्द उचलला आणि कर्ता बदलला. अब्राहामाच्या जागी देव. हे लक्षात आले की पाठीवरच्या लाकडांपेक्षा ही जोड किती खोल आहे ते कळते. लाकडे डोळ्यांना दिसतात. ‘राखून ठेवले नाही’ कानाला ऐकू यावे लागते.

तिसरे काम, फरक मांडणे. इसहाक मेला नाही. झुडपात शिंगे अडकलेला एडका त्याच्या जागी गेला. मग ख्रिस्ताची छाया इसहाक की एडका? दुसऱ्या शतकात सार्दीसचा बिशप मेलितो दोघांनाही ख्रिस्ताशी जोडत होता आणि मला ते पटते, कारण गोष्टीत मुलगा व बदली प्राणी हे दोन आहेत आणि ख्रिस्ती श्रद्धेत ते दोन्ही एकाच्या ठायी येतात. अब्राहाम ‘देव कोकरू पाहून देईल’ म्हणाला होता, मिळाला एडका. हे अर्पण जिथे व्हायचे होते त्या मोरियाचेही नीट सांगायला हवे. २ इतिहास ३:१ मध्ये शलमोनाने मंदिर मोरिया डोंगरावर बांधले असे म्हटले आहे, त्यामुळे ही वेदी आणि मंदिराची वेदी यांची जोड शास्त्रातच आहे. मोरिया म्हणजेच कालवरी, येशूला वधस्तंभी दिले ती जागा, असे मात्र बायबलात कुठेही नाही. हे वाक्य प्रवचनांतून इतक्यांदा येते की लोकांना ते वचन वाटू लागते.

आदाम ही विरोधाने उभी राहणारी पूर्वछाया. पौल त्याला प्रतिरूप म्हणतो आणि लगेच पुढच्या वचनात सांगतो की अपराधाची गोष्ट आहे तशी कृपादानाची नाही. साम्य एवढेच की एकाच्या कृतीचा परिणाम अनेकांवर होतो. बाकी सगळे उलटे. १ करिंथकरांस १५:४५ मध्ये पहिला आदाम जिवंत प्राणी झाला, शेवटला आदाम जिवंत करणारा आत्मा. लूकने हीच गोष्ट रचनेतून दाखवली आहे. त्याची वंशावळ उलटी चढत जाऊन आदामाशी संपते (३:३८) आणि पुढच्याच वचनापासून येशूची परीक्षा सुरू होते. पहिली परीक्षा खाण्याची. बागेत पोट भरलेले असताना एकजण हरला, रानात ४० दिवसांच्या उपासानंतर दुसरा टिकला. लूक टीप देत नाही, फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवतो.

मलकीसदेकावर खरे तर वेगळे लिहायला हवे, इतका तो प्रकार सूक्ष्म आहे. संपूर्ण उत्पत्तीत त्याला तीन वचने मिळाली आहेत (१४:१८–२०): शालेमचा राजा, परात्पर देवाचा याजक, भाकरी व द्राक्षारस घेऊन येतो, अब्राहामाला आशीर्वाद देतो, दशमांश घेतो आणि जातो. मग स्तोत्र ११०:४ मध्ये अचानक ‘मलकीसदेकाच्या संप्रदायाप्रमाणे तू युगानुयुग याजक आहेस’. आणि मग इब्री लोकांस पत्राचा सातवा अध्याय. त्या लेखकाची अडचण खरी होती. येशू यहूदाच्या वंशातला. नियमशास्त्राप्रमाणे याजक लेवीच्या वंशातले. त्याला याजक म्हणायचे कसे? उत्तर असे की लेवी जन्मण्याच्या आधी एक याजक होता, आणि अब्राहामाने त्याला दशमांश दिला तेव्हा लेवी पणजोबाच्या कमरेत होता, म्हणून लेवीनेही दिलाच.

‘बापावाचून, आईवाचून, वंशावळीवाचून’ (७:३) हे शब्द वाचून अनेकांना वाटते की मलकीसदेक कुणी देवदूत होता किंवा अवतार घेण्याआधीचा ख्रिस्तच होता. मृत समुद्राजवळच्या कुमरान येथे ११व्या गुहेत १९५६ साली सापडलेल्या गुंडाळ्यांत एक तुकडा आहे, त्यात मलकीसदेक शेवटच्या काळात सुटका जाहीर करणारा स्वर्गीय पुरुष म्हणून येतो. म्हणजे असा विचार त्या काळात होता. पण इब्रीच्या लेखकाचा युक्तिवाद मजकुराच्या गप्प राहण्यावर उभा आहे. उत्पत्ती हे वंशावळींचे पुस्तक. अमक्याला अमका झाला, इतकी वर्षे जगला, मेला. त्या पुस्तकात एवढ्या मोठ्या माणसाचा बाप नाही, जन्म नाही, मरण नाही. लेखक त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवतो. आणि त्याचे क्रियापद नीट पाहा: मलकीसदेक देवाच्या पुत्राशी ‘सदृश केलेला’ आहे. पुत्र मलकीसदेकासारखा नव्हे. सावलीची दिशा पुन्हा तीच.

आता एक गोष्ट जी मला फार बोलकी वाटते. भाकरी आणि द्राक्षारस यांचा इब्री लोकांस पत्रात उल्लेखच नाही. आज प्रभुभोजनाच्या शिकवणीत मलकीसदेकाची भाकरी हमखास येते, पण ती जोड पत्रलेखकाने घातलेली नाही. ती नंतरची, तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप किप्रियन हिच्यावर भर देतो, आणि इटलीत रावेन्ना येथल्या ५४७ साली समर्पित झालेल्या सान व्हिताले चर्चमध्ये ती भिंतीवर दिसते: एका वेदीच्या एका बाजूला कोकरू उचललेला हाबेल, दुसऱ्या बाजूला भाकरी उचललेला मलकीसदेक. दोघांची भेट उत्पत्तीत कधीच होत नाही. चित्रकाराला ती घडवता आली, कारण दोघांचे अर्पण तो एकाच वेदीवर पाहत होता. ही परंपरा मला प्रिय आहे. तरी शिकवताना ‘हे पत्र सांगते’ आणि ‘हे मंडळीने पुढे पाहिले’ असे दोन वेगळे खण ठेवावेत. दुसऱ्या खणातले टाकाऊ असते असे नाही, पण त्याचे वजन वेगळे.

वल्हांडण म्हणजे मिसरातल्या दास्यातून झालेल्या सुटकेचा ज्यू सण. त्याच्या कोकराबाबत सर्वांत जास्त घाई होते, म्हणून निर्गमाच्या १२व्या अध्यायातले नियम आधी जसेच्या तसे पाहू. पहिल्या महिन्याच्या दहाव्या दिवशी प्राणी निवडायचा, चौदाव्या दिवसापर्यंत राखायचा, संध्याकाळी मारायचा. नर, एक वर्षाचा, निर्दोष. मेंढरांतला किंवा बकऱ्यांतला, दोन्ही चालतात (१२:५). म्हणजे ‘कोकरू’ हे मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढचे चित्र मूळ नियमापेक्षा अरुंद आहे. रक्त एजोब नावाच्या वनस्पतीच्या जुडीने दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायचे. मांस विस्तवावर भाजायचे, पाण्यात शिजवायचे नाही. सकाळपर्यंत उरवायचे नाही. हाड मोडायचे नाही.

योहान हे नियम ध्यानात ठेवून लिहितो. वधस्तंभावर येशूला आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, भरलेला बोळा वर देताना मत्तय आणि मार्क म्हणतात वेतावर, म्हणजे बोरूच्या काठीवर. योहान एकटा म्हणतो एजोबावर. एजोब झुडुपवजा वनस्पती, रक्त शिंपडायला जुडी करायची ती. योहानाने ही वनस्पती उगाच नाव घेऊन सांगितलेली नाही. पुढे शिपाई येशूचे पाय मोडत नाहीत आणि योहान शास्त्रलेख देतो: त्याचे हाड मोडणार नाही. हे निर्गम १२:४६ आणि गणना ९:१२ शी जुळते, आणि स्तोत्र ३४:२० शीही, जिथे नीतिमानाची हाडे देव राखतो. योहानाच्या कालक्रमात येशूला वधस्तंभी देतात तो वल्हांडणाच्या तयारीचा दिवस (१९:१४). पहिल्या तीन शुभवर्तमानांत शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन. या दोन क्रमांचा मेळ कसा घालायचा यावर विद्वानांत एकमत नाही. पूर्वछायेच्या दृष्टीने एवढे कळले तरी पुरे की दोन्ही परंपरा येशूचा मृत्यू वल्हांडणाच्या प्रकाशात वाचतात: एक पंगतीतून, एक वधाच्या घटकेतून.

आता नेहमीची चूक. ‘वल्हांडणाचे कोकरू पापासाठी मारले जाई’ असे सरसकट म्हटले जाते. निर्गमात तसे नाही. तिथे रक्त ही खूण आहे: ते पाहून परमेश्वर ते घर ओलांडून जातो आणि नाश करणाऱ्याला आत येऊ देत नाही. पाप, कबुली, क्षमा यांतले काही तिथे येत नाही. पापार्पणाचे नियम लेवीयात आहेत, आणि प्रायश्चित्ताच्या दिवशी (लेवीय १६) लोकांसाठीचे पापार्पण बकऱ्यांचे असते, दोन बकरे: एकाचे रक्त पडद्याच्या आत नेतात, दुसऱ्याच्या डोक्यावर महायाजक दोन्ही हात ठेवून लोकांची पापे कबूल करतो आणि तो रानात सोडला जातो. मग बाप्तिस्मा करणारा योहान ‘जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा’ म्हणतो (योहान १:२९) ते कोणते कोकरू? माझ्या मते त्या वाक्यात अनेक प्रवाह मिसळले आहेत: वल्हांडणाचे कोकरू, मंदिरात रोज सकाळी एक व संध्याकाळी एक अशी जाळली जाणारी एक वर्षाची दोन कोकरे (निर्गम २९:३८–३९), आणि यशया ५३ मधला सेवक, वधाला नेलेल्या कोकरासारखा गप्प, पुष्कळांचे पाप वाहणारा. पाप वाहण्याचा भाग यशयातून आणि प्रायश्चित्ताच्या दिवसातून येतो, वल्हांडणातून नव्हे. हे वेगळे करून सांगितले की वचन फिके होत नाही. उलट त्यात किती काय भरले आहे ते दिसते.

रानात सर्पदंश झालेल्यांनी पाहून वाचावे म्हणून मोशेने खांबावर लावलेल्या पितळी सर्पाची जोड खुद्द येशूच्या तोंडी आहे (योहान ३:१४), त्यामुळे तिथे वाद नाही. तरी दोन तपशील सुटतात. ‘उंच करणे’ हे क्रियापद योहानात वधस्तंभावर टांगण्यालाही आहे आणि गौरवालाही. यशया ५२:१३ च्या ग्रीक पाठात सेवक ‘उंच केला जाईल’ तिथे तेच आहे. आणि दुसरे, त्या सर्पाचा शेवट. २ राजे १८:४ मध्ये हिज्कीया राजाने तो फोडून टाकला, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. चिन्ह म्हणून त्याच्याकडे पाहणारे वाचले. वस्तू म्हणून त्याला पुजू लागले तेव्हा तो राजाला फोडावा लागला.

माशाने गिळलेला संदेष्टा योना लवकर आटोपू. मत्तय १२:४० मध्ये तीन दिवस व तीन रात्री. लूक ११:३० मध्ये मासा नाहीच, योना निनवेकरांना चिन्ह झाला एवढेच. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार पहाट यात तीन रात्री बसत नाहीत अशी शंका नेहमी येते. इब्री गणनेत दिवसाचा तुकडाही अख्खा दिवस धरतात. एस्तेर ४:१६ मध्ये तीन दिवस, रात्र व दिवस, उपास ठरतो आणि ५:१ मध्ये एस्तेर राणी तिसऱ्याच दिवशी राजापुढे जाते. योना पळणारा, रागावणारा माणूस होता हे विसरू नका. येशूची तुलना त्याच्या स्वभावाशी नाही. मत्तयाच्या त्याच अध्यायात तीनदा ‘याहून थोर’ येते: मंदिराहून, योनाहून, शलमोनाहून. याजक, संदेष्टा, राजा.

याकोबाचा मुलगा योसेफ याच्याविषयी सावध राहायला हवे, कारण नवा करार त्याला कुठेही ख्रिस्ताचे प्रतिरूप म्हणत नाही. तरी जोड निराधार नाही. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन प्रेषितांची कृत्ये ७ मध्ये मुद्दाम सांगतो की भावांनी हेव्याने त्याला विकले, देव त्याच्याबरोबर होता, आणि दुसऱ्या वेळी त्याची भावांना ओळख पटली. पुढे मोशेबद्दलही तेच: ज्याला नाकारले त्यालाच देवाने पाठवले. ज्याला नाकारले तोच तारतो, हा आकृतिबंध स्तेफनाने दाखवला आहे आणि तेवढ्यावर उभे राहता येते. घसरण होते ती पैशांपाशी. योसेफ २० रुप्यांना विकला गेला (उत्पत्ती ३७:२८), येशू ३० ना. दोन आकडे जुळवायची खटपट नको, कारण दोन्हींना आपापला हिशेब आहे. लेवीय २७:५ मध्ये पाच ते वीस वर्षांच्या पुरुषाचे मोल २० शेकेल, आणि योसेफ १७ वर्षांचा होता. ३० शेकेल ही निर्गम २१:३२ मध्ये बैलाने मारलेल्या दासाची भरपाई, आणि मत्तयाचा रोख जखऱ्या ११:१२ कडे आहे. त्यापेक्षा नावाचा धागा पाहा. योसेफाला विकू या असे सुचवणारा भाऊ यहूदा. येशूला धरून देणाराही यहूदा. ग्रीकमध्ये दोघांचे नाव हुबेहूब एकच.

नावांवरून मराठी वाचकाने एक गोष्ट जरूर टिपून ठेवावी. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा आणि येशू ही दोन नावे आपल्याला वेगळी दिसतात. ग्रीकमध्ये दोन्ही ‘येसूस’. इब्री ४:८ मध्ये ‘यहोशवाने त्यांना विसावा दिला असता तर’ हे ग्रीक वाचकाच्या कानावर ‘येसूसने दिला असता तर’ असे पडे. तसेच नोहाचे तारू आणि बाळ मोशेला ठेवलेला पेटारा: इब्रीत दोघांना एकच शब्द, ‘तेवा’, आणि तो बायबलात या दोनच गोष्टींसाठी येतो. दोन्ही पाणी शिरू नये म्हणून लेपलेले, दोन्हींत मरणाच्या पाण्यावरून वाचणारे. अनुवादात तारू आणि पेटारा झाले की धागा तुटतो, म्हणून अशा ठिकाणी शब्दकोश हाताशी हवा.

मापाचे उदाहरण एकच देतो. शलमोनाच्या मंदिराचा गाभारा वीस हात लांब, वीस रुंद, वीस उंच, आतून शुद्ध सोन्याने मढवलेला (१ राजे ६:२०). प्रकटीकरण २१ मध्ये नवी यरुशलेम उतरते तिची लांबी, रुंदी, उंची सारखी, १२,००० स्टेडिया (लांबीचे ग्रीक माप), आणि नगर शुद्ध सोन्याचे. आणि योहानाला तिथे मंदिर दिसत नाही. दिसणार कसे? अख्खे नगरच परमपवित्रस्थान झाले आहे. ज्या खोलीत वर्षातून एकदा एकच माणूस जाई, तिथे आता सगळे राहतात. ही जोड कुणी ओढूनताणून आणलेली नाही; घनाकृती आणि सोने, दोन्ही मजकुरातच आहेत.

आणि ओढूनताणून आणलेली कशी असते तेही पाहू. अब्राहामाने आपला पुतण्या लोट याला सोडवायला ३१८ सेवक नेले (उत्पत्ती १४:१४). बर्णबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या पत्रात यावर हिशेब आहे: ग्रीकमध्ये १० म्हणजे इओता, ८ म्हणजे एता, ही येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरे, ३०० म्हणजे ताउ, वधस्तंभाचा आकार. लेखक यावर फार खूश आहे. पण उत्पत्ती इब्रीत लिहिलेले आहे आणि हिशेब फक्त ग्रीक अक्षरांत जुळतो. यरीहोत इस्राएली हेरांना लपवणाऱ्या राहाबेच्या खिडकीतला किरमिजी दोर हे दुसरे उदाहरण. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या क्लेमेंटने त्यात प्रभूचे रक्त पाहिले. नवा करार राहाबेचे नाव तीनदा घेतो, मत्तय, इब्री आणि याकोब यांत. तिचा विश्वास, तिचे आदरातिथ्य, तिचे वंशावळीतले स्थान. दोराचा शब्दही नाही. प्रेषितांनी न उचललेला तपशील आपण शिकवणीचा पाया करू नये.

मेलितोचे नाव वर आले. त्याचे वल्हांडणावरचे प्रवचन या विषयातला अत्यंत सुंदर आणि अत्यंत दुःखद मजकूर आहे. तो म्हणतो, शिल्पकार आधी मेणाचा, मातीचा किंवा लाकडाचा नमुना करतो. खरे काम उभे राहिले की नमुन्याचा उपयोग संपतो. उपमा चपखल आहे आणि धोका तिच्यातच आहे. नमुना संपला म्हटले की ज्या लोकांनी तो सांभाळला तेही संपले असे म्हणायला वेळ लागत नाही, आणि मेलितो त्याच प्रवचनात इस्राएलावर देवाला मारल्याचा आरोप करतो. त्या वळणाने पुढे शतकानुशतके ज्यू लोकांचे काय झाले ते इतिहासात आहे. इथे मी मेलितोच्या बाजूने नाही. पौल रोमकरांस ११:२९ मध्ये म्हणतो की देवाची कृपादाने व पाचारण अपरिवर्तनीय आहेत. शिवाय पूर्वछायेची पद्धत मंडळीने शोधलेलीही नाही. यार्देन नदीचे पाणी थांबते तेव्हा यहोशवा लोकांना तांबड्या समुद्राची आठवण देतो (४:२३). यशया ४३ मध्ये बाबेलहून परतणे म्हणजे नवे निर्गमन. इब्री शास्त्र स्वतःच असे वाचत आले आहे आणि प्रेषित त्याच शाळेत शिकले.

ऑस्ट्रियात क्लोस्टरनॉयबुर्गच्या मठात ११८१ साली व्हर्दंच्या निकोलसने पूर्ण केलेले मीनाकाम आहे. तीन ओळी: वर नियमशास्त्रापूर्वीचा काळ, मध्ये कृपेचा, खाली नियमशास्त्राचा. वधस्तंभाच्या वर इसहाकाचे अर्पण, खाली दोघांनी काठीवर वाहून आणलेला द्राक्षांचा घड (गणना १३:२३). येशूला पुरण्याच्या प्रसंगाच्या वर विहिरीतला योसेफ, खाली माशाच्या पोटातला योना. घडाची जोड प्रेषितांनी घातलेली नाही, इसहाकाची जोड घातलेली आहे. दोन्ही एकाच रकान्यात बसवल्याने दोन्ही सारख्याच भक्कम दिसतात, आणि पाहणाऱ्याला हा फरक स्वतःच करावा लागतो.

इसहाकाच्या त्या फलकावर देवदूत तलवार धरतो आणि चित्र तिथे थांबते. अध्याय मात्र पुढे जातो. पाचव्या वचनात अब्राहाम सेवकांना म्हणाला होता, ‘आम्ही परत येऊ.’ १९व्या वचनात फक्त अब्राहाम परत येतो. इसहाकाचे नाव नाही. इब्री ११:१९ चा लेखक म्हणतो की बापाने त्याला जणू मेलेल्यांतून परत मिळवले. उत्पत्ती तेही म्हणत नाही. पुढच्या अध्यायात सारा मरते आणि तिला पुरतानाही इसहाक दिसत नाही. दिसतो तो थेट २४:६३ मध्ये, संध्याकाळी एकटा शेतात गेलेला. मान वर करतो तर उंट येताहेत. एका उंटावरून रिबका उतरते, तोंडावर बुरखा घेते. तो तिला आईच्या तंबूत नेतो, तिच्यावर प्रीती करतो, आणि आईच्या मागे त्याचे सांत्वन होते.